सव्वानऊची हजेरी

सुट्टी लागायच्या दिवशी मुलांचं वर्गात किती लक्ष असतं ते कुणाही मास्तरांना विचारा. शुक्रवार, २१ ऑक्टोबर १९६६. दक्षिण वेल्समधल्या ॲबरव्हॅन गावची पँटग्लास प्राथमिक शाळा त्या दिवशी फक्त बारापर्यंत भरणार होती. पुढे सहामाहीची सुट्टी. (गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत वाचून आपण ॲबरफॅन म्हणतो. वेल्श भाषेत एकट्या ‘एफ’चा उच्चार ‘व्ह’ होतो.) मर्थर टिडफिल शहराच्या खाली, टॅफ नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेलं हे खाणकामगारांचं गाव. एका बाजूला खाण, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी शाळा.

त्या सकाळी खाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा या शाळेवर कोसळला. त्या दुर्घटनेच्या बातम्या सकाळी सव्वानऊपासून सुरू होतात. पण त्या सव्वानऊपर्यंत यायला साडेआठ वर्षं लागली होती. तेव्हा घड्याळ तिथूनच लावलेलं बरं.

साडेआठ वर्षं आधी
ईस्टर, १९५८

खाणीतून एकटा कोळसा वर येत नाही. त्याच्यासोबत दगड येतो, माती येते, आणि हा सगळा टाकाऊ माल कुठेतरी नेऊन ओतावा लागतो. आपल्याकडे वणी-चंद्रपूरच्या वाटेवर ‘ओबी’चे (खाणीतून काढलेल्या माती-दगडांचे) काळपट डोंगर दिसतात, तसाच प्रकार. फरक एवढाच की वणीकडची जमीन सपाट आहे. ॲबरव्हॅनच्या खोऱ्यात खाली जागाच नव्हती, म्हणून मर्थर व्हेल खाणीचा माल दोरखंडाने डबे ओढत डोंगरावर न्यायचे आणि तिथे क्रेनने रिकामा करायचे. एक ढिगारा फार वाढला की दुसरा. असे सहा झाले आणि १९५८ च्या ईस्टरला सातवा सुरू झाला.

सातव्याची जागा निवडताना सर्वेक्षण झालं नाही. नकाशाही कुणी उघडला नाही. उघडला असता तर त्याच जागेवर झरे दाखवलेले दिसले असते. गावातल्या माणसांना नकाशाचीही गरज नव्हती. लहानपणी त्यातली कितीतरी जण त्याच ओहोळांत खेळली होती.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या ढिगाऱ्यांची जबाबदारी खाणीच्या यांत्रिकी अभियंत्यांकडे होती. क्रेन त्यांची, रूळ त्यांचे, दोरखंड त्यांचा, म्हणून ढिगाराही त्यांचा. क्रेनच्या चाकाखालची माती कशी वागते हा कुणाच्याच खात्याचा विषय नव्हता. खाण सरकारी, राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या मालकीची. एवढ्या मोठ्या मंडळात ढिगारे कसे रचावेत याबद्दल धोरण म्हणून काही नव्हतं.

असं नाही की माहिती नव्हती. १९३९ मध्ये जवळच्याच एका खोऱ्यात असा ढिगारा घसरून रस्त्यावर आला होता, आणि त्या वेळच्या खासगी कोळसा कंपनीने ढिगारे का घसरतात यावर एक टिपणही तयार केलं होतं. १९४४ मध्ये तर ॲबरव्हॅनच्याच डोंगरावरचा चौथा ढिगारा सरकला आणि गावाच्या वर थांबला. कुणाला इजा झाली नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

सव्वातीन वर्षं आधी
जुलै, १९६३

सातव्या ढिगाऱ्यावर आता कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळही ओतला जात होता. पाणी मिसळलेलं मैद्यासारखं काळं पीठ म्हणा. ओल्या वाळूवर एकाच जागी उभं राहून पाय आपटत राहिलं की वाळू पाणी सोडते आणि पाय खचत जातो, हा खेळ समुद्रकिनारी सगळ्यांनीच खेळलेला असतो. हा गाळ भिजल्यावर तसाच वागतो. त्याचा घट्टपणा बघता बघता जातो आणि तो दाट रसासारखा वाहू लागतो.

मर्थरच्या नगरपालिकेतल्या एका अभियंत्याला हे दिसलं. त्याने पत्र लिहिलं, आणि पत्राच्या विषयाच्या ओळीतच पँटग्लासच्या शाळांमागे टाकल्या जाणाऱ्या गाळापासून धोका आहे असं स्वच्छ म्हटलं. सरकारी पत्रात विषयाच्या ओळीत सहसा इतकं खरं लिहीत नाहीत. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पत्रं गेली, उत्तरं आली. त्याच वर्षी सातवा ढिगारा एकदा सरकलाही. पुढल्या जानेवारीत एका नगरसेविकेने बैठकीत सांगितलं की ढिगारा हलला तर अख्ख्या शाळेला धोका आहे.

मग गाव गप्प का बसलं? गप्प बसलं नव्हतं, पण मोठ्याने ओरडलंही नाही, आणि त्याचं कारण खोऱ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्या खाणीचा ढिगारा, त्याच खाणीवर गावाची चूल. ढिगाऱ्याचा बोभाटा फार केला आणि खाणच बंद झाली तर खायचं काय? या भीतीला दोष देणं सोपं आहे. ज्याच्या घरात कारखान्याच्या भोंग्यावर पगार येतो त्याने तो देऊन पाहावा.

एकवीस महिने आधी
जानेवारी, १९६५

पाऊस झाला की शाळेच्या आसपास काळं पाणी साचायचं, आणि ओसरताना मागे चिकट काळा थर ठेवून जायचं. शाळेतल्या दोन मुलांच्या आयांनी या पाण्याविरुद्ध सह्यांचा अर्ज केला आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो नगरपालिकेकडे पाठवला. नगरपालिका आणि कोळसा मंडळाच्या बैठका झाल्या. तुंबलेले नळ आणि चर मोकळे करायचं मंडळाने कबूल केलं.

पुढल्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत त्यातलं काहीही झालं नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई त्या ऑक्टोबरातही त्याच शाळेत होत्या.

तीन आठवडे आधी
ऑक्टोबर, १९६६

तीन आठवड्यांत साडेसहा इंच पाऊस झाला, त्यातला जवळजवळ निम्मा तिसऱ्या आठवड्यात. महाबळेश्वर किंवा ताम्हिणीच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. आषाढात तेवढा एका दिवसात पडतो. पण झऱ्याच्या तोंडावर १११ फुटांचा ढिगारा बसवला की पाऊस किती पडला हा प्रश्न दुय्यम ठरतो. पाण्याला बाहेर पडायला वाट आहे का, हे पाहावं लागतं. वाट नव्हती.

आदली रात्र
२० ते २१ ऑक्टोबर

अंधारात कधीतरी सातव्या ढिगाऱ्याचा माथा नऊ-दहा फूट खचला. क्रेनचे रूळ त्या खड्ड्यात पडले. पाहायला तिथे कुणी नव्हतं.

सकाळी ७:३०

पहिल्या पाळीची टोळी डोंगरावर पोहोचते. वर स्वच्छ ऊन आहे. खाली खोरं दाट धुक्यात बुडालेलं, इतकं की गाव आहे की नाही कळू नये. कामगारांना आधी दिसतो तो खड्डा आणि त्यात लोंबकळणारे रूळ.

खाली कळवायचं तर फोन नाही. पूर्वी होता, पण त्याची तार वारंवार चोरीला जायची, म्हणून तो पुन्हा जोडलाच नव्हता. मुकादम एका माणसाला पायी खाणीवर पिटाळतो. डोंगर उतरायचा, साहेबांना गाठायचं, निरोप घेऊन परत चढायचं.

या फोनबद्दल पुढे चौकशीत बराच खल झाला. चौकशी आयोगाने म्हटलं, फोन असता तरी उपयोग झाला नसता, ढिगारा इतक्या वेगाने आला की खाली कुणाला हलायलाही वेळ मिळाला नसता. ते पटतं. दोन मिनिटांत फोन काय करणार? पण टपालाला तीन वर्षं मिळाली होती.

सकाळी ८:३० च्या सुमारास

खाली घराघरांत नेहमीची धांदल. बूट, कोट, डबा नसेल तर शाळेतल्या जेवणाचे पैसे. बाहेर धुकं एवढं की पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही. ढिगारे डोंगरावर रोजच्यासारखे आहेत, पण आज मान वर केली तरी दिसणार नाहीत.

सकाळी ९:००

वर खड्डा आता वीस फुटांवर गेला आहे. खालून निर्णय आला आहे: आज इथे माल टाकायचा नाही, क्रेन मागे घ्या, नवीन जागा पुढल्या आठवड्यात ठरवू.

हा निर्णय मला या घटनाक्रमातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. तो चुकीचा नाही, वेंधळाही नाही. क्रेनच्या दृष्टीने पाहिलं तर अगदी चोख आहे. माणसं सुरक्षित, यंत्र सुरक्षित, काम थांबवलेलं. त्यात एकच प्रश्न विचारलेला नाही: याच्या खाली काय आहे? तो विचारायचा कुणी? मुकादमाने? त्याच्या कामाच्या यादीत शाळा नव्हती. अभियंत्याने? त्याच्याही नव्हती. गावात शाळेच्या सुरक्षेची काळजी वाहणारी माणसं होती, बाई होत्या, आया होत्या, नगरसेविका होती. त्यांच्यापैकी कुणालाही खड्डा पडल्याचं कळवायची पद्धतच नव्हती.

क्रेनला हात घालण्याआधी टोळी खोपटात चहाला बसते. तेवढ्या चहाने ती माणसं वाचली.

खाली शाळा भरते.

सकाळी ९:१३

मलब्यातून पुढे एक छोटं गजराचं घड्याळ निघालं. त्याचे काटे नऊ वाजून तेरा मिनिटांवर अडकलेले होते. ते आता वेल्समधल्या एका संग्रहालयात आहे. सरकारी नोंद सव्वानऊची आहे. दोन मिनिटांचा फरक घड्याळ पुढे-मागे असल्याचा असू शकेल.

सकाळी ९:१५

डोंगरावर ढिगारा आधी खाली न जाता वर उठल्यासारखा वाटला, असं तिथल्या कामगाराने साक्षीत सांगितलं. मग तो लाटेसारखा वळला आणि धुक्यात शिरला. आता वरच्या माणसांना काहीच दिसत नव्हतं.

एक लाख चाळीस हजार घनयार्ड काळा राडा. वाटेत डोंगरउतारावरचं एक शेतघर, आतल्या माणसांसह. पुढे जुना कालवा आणि रेल्वेचा भराव ओलांडून त्यातला काही भाग गावात आला. लाटेची उंची वीस ते तीस फूट. भरावात पाण्याच्या मोठ्या नळवाहिन्या होत्या, त्या फुटल्या, म्हणजे वरून गाळ आणि त्यात आणखी पाणी.

शाळेत बाई-मास्तर हजेरी घेत होते.

वाचलेल्या मुलांनी सांगितलं की आधी आवाज आला, जेट विमान अगदी डोक्यावरून जावं तसा. कुणाला मेघगर्जना वाटली. धुक्यामुळे खिडकीतून काही दिसलं नाही. शाळेत जेवणाचे पैसे गोळा करणारी एक बाई होती. तिच्यासमोर पाच मुलं होती. तिने त्यांना खाली पाडून स्वतः वर पडून घेतलं. पाचही मुलं जिवंत निघाली. ती गेली. दुसऱ्या एका वर्गात उपमुख्याध्यापक सापडले, त्यांच्या मिठीत पाच मुलं होती. तिथे कुणीही वाचलं नव्हतं.

मग शांतता झाली. त्या शांततेबद्दल जवळजवळ प्रत्येक साक्षीदार बोलला आहे.

मुख्याध्यापिकाबाईही त्या दिवशी गेल्या. त्यांच्यामार्फत गेलेला अर्ज पालिकेच्या कागदांत होता.

सकाळी ९:२५

मर्थरच्या पोलिसांना पहिला फोन. तोवर आया हातांनी उकरायला लागलेल्या असतात. थोड्याच वेळात खाणीतून पुरुष वर येतात. फावडी त्यांच्या हातातलीच. जमिनीखाली गाडलेली माणसं कशी काढायची हे या गावाइतकं चांगलं फार थोड्या गावांना ठाऊक असेल. खाणवाले रांगेत उभे राहिले, बादल्या हातोहात पुढे गेल्या. मधेच शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली की शेकडो माणसं जागच्या जागी थांबायची, श्वासही रोखायची, खालून एखादा आवाज येतो का ते ऐकायला. मग पुन्हा फावडी.

सकाळी ९:५०

पहिले जखमी मर्थरच्या सेंट टिडफिल रुग्णालयात पोहोचतात.

सकाळी १०:३०

बीबीसीवर पहिली बातमी. यानंतर रस्त्यांवर स्वयंसेवकांची इतकी गर्दी झाली की मदतीच्या गाड्या अडकायला लागल्या.

सकाळी ११:००

अकरानंतर एकही जण जिवंत सापडला नाही. शोध मात्र आठवडाभर चालला. शेवटचं शव पुढल्या शुक्रवारी, २८ ऑक्टोबरला हाती लागलं. मधल्या काळात बेथानिया चॅपलमध्ये आईबाप रांगेने आत जात आणि पांघरुणं उचलून ओळख पटवत.

दुपारी १२:००

शाळा सुटायची वेळ.

मोजदाद

मृत १४४. त्यातली ११६ मुलं, बहुतेक सात ते दहा वर्षांची, आणि त्यांपैकी १०९ शाळेच्या इमारतीतच. प्राथमिक शाळेचे पाच शिक्षक. गावात आळीच्या आळी अशा होत्या जिथे त्या वयाचं मूलच उरलं नाही.

आपल्याकडे माळीण आठवतं. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. तिथे गाव नाहीसं झाल्याचं आधी कळलं ते एसटीच्या चालकाला, कारण रोजचा थांबा दिसेना. तिथेही पाऊस, तिथेही उतार, तिथेही डोंगराच्या पोटातलं पाणी. मी तुलना इथेच थांबवतो, कारण माळीणचा डोंगर डोंगरच होता. ॲबरव्हॅनचा ढिगारा माणसांनी, पगार घेऊन, रोज थोडा थोडा करून रचलेला होता.

नंतर

पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन त्याच रात्री गावात पोहोचले. कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स त्या शनिवारी एका नव्या विद्यापीठाचे कुलपती म्हणून आपला पदग्रहण समारंभ आटोपून आले. आल्यावर त्यांनी सांगितलं की ढिगाऱ्याखालचे झरे कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं. नकाशावर होते, हे पुढे आयोगासमोर आलं.

मृत्यूच्या चौकशीत एका मुलाचं नाव पुकारून कारण वाचलं गेलं, गुदमरून मृत्यू. त्याचा बाप उभा राहिला आणि म्हणाला, तसं लिहू नका, कोळसा मंडळाने जिवंत गाडलं असं लिहा.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या आयोगाचं काम ७६ दिवस चाललं, १३६ साक्षीदार झाले. हा माणूस शेजारच्याच खोऱ्यात जन्मलेला. अहवाल ३ ऑगस्ट १९६७ ला आला आणि त्यात दोष कोळसा मंडळाचा, असं निःसंदिग्ध लिहिलं. ही दुष्ट माणसांची गोष्ट नाही, आपल्या ताकदीबाहेरची जबाबदारी अंगावर आलेल्या माणसांची आहे, असाही त्याचा सूर होता. मला तो निम्माच पटतो. ज्याला माती कळत नाही त्याच्यावर मातीची जबाबदारी कुणी टाकली, हे अहवालातच लिहिलेलं आहे. तिथपर्यंत मात्र कुणी गेलं नाही. कुणावर खटला झाला नाही. एकाचीही नोकरी गेली नाही, पायरीही उतरली नाही. ढिगाऱ्यांच्या देखरेखीचा कायदा १९६९ मध्ये झाला.

भरपाई म्हणून मंडळाने आधी मुलामागे ५० पौंड देऊ केले. मग ५०० केले.

डोंगरावर बाकीचे ढिगारे तसेच होते. शाळेच्या जागेवर उभं राहिलं की दिसायचे. गावाने मागणी लावून धरली की ते हलवा. मंडळ म्हणालं, पैसे नाहीत. तोवर जगभरातल्या लोकांनी गावासाठी मदतनिधीत साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास रक्कम पाठवली होती. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे पाठवले होते. ढिगारे हलवण्याच्या खर्चापोटी सरकारने १९६८ मध्ये या निधीतून दीड लाख पौंड घेतले. म्हणजे ज्यांची मुलं ढिगाऱ्याखाली गेली, त्यांच्या मदतीच्या पैशातून ढिगारे उचलले गेले.

१९९७ मध्ये सरकारने ही रक्कम परत केली. दीड लाख पौंड. एकोणतीस वर्षांचं व्याज त्यात नव्हतं.